शेजारच्या कांबळ्यावरचा मास्तर

तुरुंगात पत्र येतं ते आधीच फोडलेलं. कार्यालयात कुणीतरी ते वाचलेलं असतं, त्यात आक्षेपार्ह काही नाही याची खात्री करून घेतलेली असते. वाचता येणाऱ्या कैद्याच्या वाट्याला दुसरं वाचन येतं. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या नशिबी तिसरं. बराकीत दोन-चार वाचणारे असतात. त्यातल्या एकाला गाठायचं, त्याची मर्जी बघायची, शेजारी उकिडवं बसायचं आणि बायकोने कुणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र आपण कुणाकडून तरी वाचून घ्यायचं. म्हातारीचं दुखणं, बांधावरून भावकीत झालेली मारामारी, धाकटीचं मोडलेलं लग्न, हे सगळं आपल्याला कळण्याआधी त्या माणसाला कळतं. तो भला असला तर वाचतो आणि विसरतो. नसला तर एका पत्राला एक बिडीचं बंडल पडतं, आणि रात्री कुणाशी भांडण झालं की धाकटीचं मोडलेलं लग्न सगळ्या बराकीसमोर निघतं.

पत्राचं एक वेळ सोडून देऊ. आरोपपत्र येतं, जामिनाचा अर्ज जातो, वकील वकालतनामा पाठवतो. दाखवलेल्या जागी अंगठा उठवायचा, बस. बाहेरच्या जगात अक्षरओळख नसलेला माणूस बसच्या रंगावरून, दुकानाच्या पाटीवरच्या चित्रावरून, शेजारच्या शाळकरी पोराच्या मदतीने निभावून नेतो. आत यातलं काहीच नसतं. तिथे सगळा कारभार कागदाचा असतो, आणि तो कागद वाचून सांगणारा माणूस तुमच्यासारखाच अडकलेला, तुमच्यासारखाच गरजू असतो.

मराठी माणसाला तुरुंग आणि अक्षर म्हटलं की मंडाले आठवतं, धुळे आठवतं, नाशिक आठवतं. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेत लिहिलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. आपल्याला या यादीचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण ती लेखणी हातात घेऊनच आत गेलेल्यांची यादी आहे. या प्रकरणातली माणसं अंगठा घेऊन आत गेलेली आहेत.

आणि ती थोडी नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०१९ च्या अहवालात देशभरच्या तुरुंगांत ४,७८,६०० कैदी होते. त्यातले सव्वा लाखाहून जास्त पूर्ण निरक्षर. म्हणजे दर चार कैद्यांमागे एकाहून थोडे अधिकच. दहावीपर्यंत न पोचलेले वेगळे, आणि त्यांतल्या कित्येकांचं वाचन सहीच्या पुढे जात नाही. शिवाय त्या साली तुरुंगातले दहांतले जवळपास सात कच्चे कैदी, म्हणजे खटला चालू असलेले. ते आज आहेत, उद्या जामीन झाला तर नाहीत, परवा तारखेला गेले तर वर्गात नाहीत.

अशा ठिकाणी शाळा काढायची म्हणजे काय, हे तुरुंगाचा दिवस पाहिल्याशिवाय समजत नाही. बाहेरून येणारे गुरुजी दिवसाउजेडी येतात. तेव्हाच कैद्याला काम असतं, मुलाकात असते, कोर्टाची गाडी असते. चाळिशीचा माणूस फळ्यासमोर बसतो तेव्हा त्याला अक्षराआधी लाज दिसते. काल ज्याच्यावर आवाज चढवला तो आज शेजारी बसून आपलं ‘क, का, कि, की’ ऐकतोय, हे कुणाला सोसेल? मग पोट दुखायला लागतं, आणि हजेरीपटावर नाव तेवढं राहतं. संध्याकाळी गिनती होते, बराकीला कुलूप पडतं आणि ते सकाळपर्यंत उघडत नाही. ते बारा-तेरा तास मात्र मोकळे असतात. इतका निवांत वेळ जगातल्या कुठल्याही प्रौढ विद्यार्थ्याला मिळत नसेल. अडचण एकच: त्या वेळात बाहेरचा कुणीही मास्तर आत येऊ शकत नाही. कुलपाच्या आतल्या बाजूला जो आहे, तोच मास्तर.

शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात याला सहकारी अध्ययन म्हणतात. बराकीत त्याला वेगळं नाव लागत नाही. पण ते आपोआप घडतं असं समजू नये. वाचता येणारा आणि न येणारा एकाच छपराखाली वर्षानुवर्षं झोपतात आणि त्यांच्यात बिडीच्या बंडलापलीकडे काही घडत नाही, हेच जास्त वेळा दिसतं. जिथे घडलं, तिथे त्यामागे काहीतरी आधार होता. तो कोणता, हे बघण्यासारखं आहे.

केपटाऊनच्या किनाऱ्यासमोरचं रॉबेन बेट आपल्याला मंडेलांमुळे माहीत आहे. १९६४ च्या जूनमध्ये ते आणि रिव्होनिया खटल्यातले त्यांचे सहकारी तिथे जन्मठेप भोगायला आले. त्यांना एकेकट्याच्या कोठड्यांत ठेवलं होतं. पण बेटावरचे बहुतेक राजकीय कैदी मोठ्या सामायिक बराकींत होते, एकेका बराकीत पन्नास-साठ माणसं. त्यात वकील आणि मास्तर होते, तसे शेतमजूर, गोदी कामगार आणि खेड्यांतून पकडून आणलेले, कधी शाळेचं तोंड न पाहिलेले लोकही होते. सुरुवातीच्या वर्षांत कैद्याला सहा महिन्यांतून एक पत्र लिहिता येई आणि एक घेता येई, तेही पाचशे शब्दांचं. सहा महिन्यांचं आयुष्य पाचशे शब्दांत बसवायचं, आणि ते शब्द दुसऱ्याच्या हातचे! वाचायला शिकण्याची निकड इथूनच उभी राहिली असावी असं मला वाटतं. क्रांतीची पुस्तकं नंतर आली.

कैद्यांनी ठरवलं ते साधं होतं: ज्याला येतं त्याने ज्याला येत नाही त्याला शिकवायचं. ते ठरवून कामाला लागले त्यात खरी कमाल आहे. कुणाला काय येतं याची उजळणी झाली, गट पडले, जबाबदाऱ्या वाटल्या गेल्या. कागद मिळत नव्हता. नवा तुरुंग कैद्यांकडूनच बांधून घेतला जात होता, त्या बांधकामावरच्या सिमेंटच्या पिशव्यांचा जाड कागद फाडून, झटकून, घडी करून वही झाली. सिमेंटच्या पिशवीला आत दोन-तीन पदर असतात. बाहेरचा पदर भुकटीने माखलेला, आतला बराच स्वच्छ. त्या आतल्या पदरावर अक्षरं गिरवली गेली.

१९६५ पासून मंडेलांच्या गटाला चुनखडीच्या खाणीत कामाला जुंपलं. पांढऱ्या दगडावरून परावर्तित झालेल्या उन्हाने डोळे जात, आणि मंडेलांचे कायमचे दुखावले. याच खाणीत कुदळ-फावडं चालवता चालवता धडे चालत. एक जण बोले, आजूबाजूचे खणता खणता ऐकत, आकृती काढायची झाली तर जमीन होतीच. खाणीच्या कडेला एक कपार होती, ती जेवायची जागा, तीच मुताऱ्यांची जागा आणि तोच वर्ग, कारण पहारेकऱ्यांना तिथल्या वासात थांबायला नको असे. विद्यापीठाच्या जागा इतक्या विचारपूर्वक निवडलेल्या मी फार पाहिल्या नाहीत.

या खाणीत शिकवणाऱ्यांत नेव्हिल अलेक्झांडर होते, जर्मनीतल्या ट्यूबिंगन विद्यापीठाचे डॉक्टरेट. दहा वर्षं ते बेटावर होते. सुटल्यावर त्यांनी आयुष्याचा मोठा भाग आफ्रिकी मुलांना मातृभाषेतून शिकता यावं यासाठी घालवला. डॉक्टरेट झालेला माणूस दुसऱ्याला शिकवताना स्वतः काय शिकतो, याचं उत्तर त्यांच्या पुढच्या कामात दिसतं. आणि शाळेची पायरी फारशी न चढलेले, गुराखी म्हणून वाढलेले जेकब झुमा १९७३ पर्यंत दहा वर्षं याच बेटावर होते. त्यांच्या शिक्षणाचा मोठा भाग तिथेच झाला. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले, त्याहीपुढे न्यायालयाच्या अवमानासाठी पुन्हा तुरुंगात गेले. साक्षरतेने माणूस सज्जन होतो, असा माझा दावा नाही हे यावरून लक्षात यावं.

बेटावरचे काही पहारेकरीही कमी शिकलेले होते. बढतीसाठी त्यांना परीक्षा द्याव्या लागत. हळूहळू ते कैद्यांकडे निबंध तपासायला, गणित समजून घ्यायला येऊ लागले. कुलपाच्या दोन्ही बाजूंना एकच धडा चालू आहे, हे चित्र मला या सगळ्या कथेत सर्वांत आवडतं.

पण रॉबेन बेटाचं उदाहरण देताना जपून राहायला हवं. तिथले कैदी राजकीय होते. त्यांच्यात शिस्त होती, बाहेरची संघटना आत तशीच्या तशी उतरली होती. न शिकवणाऱ्याला जाब विचारणारं कुणीतरी होतं. साध्या तुरुंगात असं कुणी नसतं. तिथे पाकीटमार असतो, खुनी असतो, हुंड्याच्या प्रकरणातली सासू असते, आणि एकमेकांवर विश्वास ठेवायचं काहीही कारण नसतं. मग तिथे संघटनेची जागा कोण घेणार?

इंग्लंडमध्ये ती जागा एका लाल पुस्तकाने घेतली.

त्याचीही सुरुवात पत्रांपासूनच. ख्रिस्तोफर मॉर्गन हा इंग्लंडमधला एक शेतकरी. तुरुंगातल्या कैद्यांशी पत्रमैत्री करण्याच्या एका उपक्रमातून त्याचा जन्मठेपेच्या एका कैद्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. त्या पत्रांचं पुस्तक १९९६ साली निघालं, त्यात त्या कैद्याचं नाव टॉम शॅनन असं होतं. पुस्तकाच्या मानधनातून पुढच्या वर्षी शॅनन ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. तुरुंगात वाचता न येणारे किती आहेत हे मॉर्गनला या पत्रांतून कळलं होतं, आणि त्याच्या डोक्यात एक सरळ शेतकरी हिशेब बसला: वाचता येणारे आत आहेत, न येणारे आत आहेत, वेळ दोघांकडे आहे, मग अडलंय कुठे? तुरुंगवाल्यांना ही कल्पना लगेच पटली नाही. शेवटी २००१ मध्ये लंडनच्या वॉन्ड्सवर्थ तुरुंगात एका अधिकाऱ्याच्या पुढाकाराने काम सुरू झालं आणि मग ते इतर तुरुंगांत गेलं.

पुस्तक होतं ‘टो बाय टो’. यॉर्कशायरमधल्या केडा काउलिंग या शिक्षिकेने ते वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी लिहून १९९३ मध्ये स्वतःच छापलं होतं. ते उघडून बघितलं की पहिल्यांदा निराशाच होते. गोष्ट नाही, चित्र नाही. नुसते शब्दांचे रकाने, आणि प्रत्येक शब्दापुढे चौकटी. चौकटींच्या वर तारीख लिहायची. शिकणाऱ्याने शब्द बरोबर वाचला तर खूण, चुकला तर ठिपका. एका दिवशी बरोबर आला म्हणून शब्द सुटत नाही. वेगवेगळ्या दिवशी ओळीने तीन खुणा पडल्या तरच तो शब्द पार. मध्ये ठिपका पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्यातले बरेच शब्द तर शब्दच नाहीत, नुसते निरर्थक ध्वनी. कारण मोठ्या माणसाला अंदाजाने वाचायची सवय असते. पहिलं अक्षर बघून तो शब्द ठोकून देतो आणि वर्षानुवर्षं अशीच वेळ मारून नेतो. निरर्थक शब्दाला अंदाज चालत नाही, तिथे अक्षरालाच भिडावं लागतं.

आणि खरी युक्ती पुढे आहे. प्रत्येक पानावर शिकवणाऱ्यासाठी सूचनांची चौकट असते: आता हे कर, हा ध्वनी असा काढून दाखव, इथे थांब. म्हणजे शिकवणाऱ्याला शिकवायचं प्रशिक्षण नको, व्याकरण नको, त्याला फक्त वाचता यायला हवं. दोघांनी रोज वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस बसायचं. कोठडीत, जिन्याखाली, जिथे कुणी बघणार नाही तिथे. लाजेचं ओझं एकदम उतरतं, कारण तुमचं चुकलेलं वाचन ऐकणारा एकच माणूस असतो आणि तोही तुमच्यासारखाच कैद्याच्या कपड्यात. २०१५ मध्ये संस्थेने प्रौढ कैद्यांसाठी स्वतःची पाच पुस्तिकांची नवी मालिका आणली, सोबत वाचायला छोटी पुस्तकंही दिली. जोडीची पद्धत तीच राहिली.

माझं मत विचाराल तर बेटावरच्या संघटनेपेक्षा हा शोध जास्त दूरगामी आहे. संघटना दुर्मीळ असते. तारखेची चौकट कुठेही छापता येते.

आपल्याकडे या कामाचा आधार बहुतेक वेळा एखादा अधिकारी असतो. १९९३ च्या मे महिन्यात किरण बेदी दिल्लीच्या तिहारमध्ये कारागृह महानिरीक्षक म्हणून आल्या तेव्हा तिथे नऊ हजारांहून जास्त कैदी होते, क्षमतेच्या कितीतरी पट. त्यांनी शिकलेल्या कैद्यांनाच शिक्षक केलं आणि बराकींचेच वर्ग झाले. पुढे तिहारमध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आलं. ‘पढो और पढाओ’ हे तिथल्या साक्षरतेच्या योजनेचं नावच सगळं सांगून जातं. हे काम मोठं होतं यात शंका नाही. पण अधिकारी बदलून जातात. बदलीचा कागद आला की बराकीतला फळा कधी चुन्याच्या पोत्याला टेकून उभा राहतो, हे कळतही नाही. राज्यघटनेपासून तुरुंग नियमावलीपर्यंत सगळं कागदावर असतंच. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मान्य केलेल्या, मंडेलांचंच नाव लाभलेल्या नियमांत तर निरक्षर कैद्यांचं शिक्षण सक्तीचं असावं असं म्हटलं आहे. सक्ती या शब्दाशी माझं थोडं वाकडं आहे. पोट दुखणाऱ्या चाळिशीच्या माणसाला सक्तीने फार तर वर्गात बसवता येईल.

मराठीत असं जोडीने शिकायचं पुस्तक करायचं झालं तर काय करावं लागेल, हा विचार मी अधूनमधून करतो. इंग्रजीसारखा स्पेलिंगचा घोळ आपल्याकडे नाही. आपली अडचण मात्रांची आणि जोडाक्षरांची. ब्राझीलचे पावलो फ्रेअरी यांनी १९६३ मध्ये आंजिकोस या गावात सुमारे तीनशे मजुरांना चाळीस तासांत वाचायला शिकवलं, त्यांची रीत इथे उपयोगी पडेल. ते वर्णमालेपासून सुरुवात करत नसत, लोकांच्या तोंडातल्या शब्दापासून करत. पोर्तुगीजमध्ये ‘तिजोलो’ म्हणजे वीट. तो शब्द घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचं कुटुंब मांडायचं: ता, ते, ती, तो, तू. मराठी माणसाला हसू येईल, कारण ही आपली बाराखडीच आहे. फरक एवढाच की ती ‘क’पासून न निघता मजुराच्या हातातल्या विटेपासून निघाली. पुढच्याच वर्षी ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेअरींना स्वतःलाच दोन महिन्यांहून जास्त काळ तुरुंगात काढावा लागला.

बराकीच्या तोंडातले शब्द काय आहेत? तारीख, वकील, जामीन, मुलाकात, माफी. एकातही जोडाक्षर नाही. चार-पाच शब्दांत अर्धी बाराखडी येते आणि प्रत्येक शब्द रोज उच्चारला जाणारा. पॅरोल सरळ आहे, फर्लोच्या डोक्यावर एक रफार. आता कार्यालयाचे शब्द बघा: न्यायालय, आरोपपत्र, प्रतिज्ञापत्र, सिद्धदोष, न्यायाधीन. एकही जोडाक्षरावाचून नाही. कैद्याची भाषा आणि कचेरीची भाषा यांच्यातली भिंत लिपीतही अशी उभी आहे. पहिल्या वीस पानांत पहिले शब्द, शेवटच्या वीस पानांत दुसरे, आणि मधल्या पानांवर अर्धा ‘न’, अर्धा ‘प’, ‘द्ध’ची गाठ. अशा पुस्तकाच्या शेवटी माणूस स्वतःचं आरोपपत्र स्वतः वाचू लागेल. वकिलांना ते कितपत आवडेल, हा वेगळा प्रश्न.

जोडीच्या पद्धतीत धोके आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पत्र वाचून देणारा जो बिडीचं बंडल घेत होता, तोच उद्या मास्तर म्हणून पुढे येतो. त्याचा धंदा बुडणार असतो, त्यामुळे तो शिकवेल पण पूर्ण नाही. किंवा शिकवण्याच्या बदल्यात दुसरं काही मागेल. म्हणून जोड्या कोण लावतो, त्या बदलता येतात का, शिकणाऱ्याला नको म्हणता येतं का, हे पाहावंच लागतं. आणि शिकवणाऱ्याला काय मिळतं? ब्राझीलच्या कायद्यात अभ्यासाच्या बारा तासांमागे शिक्षेतला एक दिवस कमी होतो. आपल्याकडे चांगल्या वागणुकीबद्दल माफीचे दिवस मिळतात. अशा बक्षिसांना नावं ठेवायचं कारण नाही. बराकीत रोज वीस मिनिटं दुसऱ्याच्या चुका न हसता ऐकणं हे खडी फोडण्याहून सोपं आहे, असं ज्याला वाटतं त्याने एकदा करून पाहावं.

स्त्रियांच्या बराकीत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे सहा वर्षांपर्यंतची मुलं आईसोबत आत राहू शकतात. पोर बालवाडीतून ‘अ’ शिकून येतं आणि आईच्या मांडीवर बसून जमिनीवर गिरवतं. आईला येत नसलं तरी ती त्याच्यासमोर लाजत नाही, कारण ती त्याचा अभ्यास घेत असते. कोण कुणाला शिकवतंय हे कुणीच विचारत नाही.

जोडी तुटते ती मात्र नेहमी अवेळी. सकाळी नावाचा पुकारा होतो, शिकवणाऱ्याची दुसऱ्या तुरुंगात रवानगी झालेली असते किंवा त्याचा जामीन झालेला असतो, आणि अर्ध्या तासात त्याचं कांबळं गुंडाळलेलं असतं. लाल पुस्तकात अशा वेळी सगळं लिहिलेलं असतं: कोणत्या तारखेला कोणता शब्द चुकला, कुठे दोन खुणा झाल्या आहेत आणि तिसरी बाकी आहे. दुसऱ्या दिवशी शेजारी नवा माणूस येऊन बसतो. तो पान उघडतो, शेवटची तारीख बघतो, तिच्या पुढच्या चौकटीवर आजची तारीख घालतो आणि ज्या शब्दापुढे ठिपका आहे त्यावर बोट ठेवतो.